क्लॅम्पवर मी होते

"मिस्त्री कुठे आहे?" हा प्रश्न नोकरीत मी रोज ऐकला. आमची गाडी गावात शिरायची, आम्ही तिघी बाया उतरायचो, पाने आणि दोर खाली टाकायचो, आणि जमलेले लोक गाडीत डोकावून बघायचे. मागच्या सीटवर एखादा पुरुष झोपला असेल, तो आता उठून येईल, अशी त्यांची खात्रीच असायची. आमच्यातली भीमाबाई तेवढ्यात हापशीचे नट सैल करायला लागायची. लोकांना उत्तर मिळायचं.

मी सुनंदा. हापशी दुरुस्त करायची नोकरी केली, आता निवृत्त आहे. माहेर राळेगावकडचं. लग्न होऊन ज्या तालुक्यात आले, नोकरी केली, त्याचं नाव इथे सांगत नाही. पुढे मला माझी एक चूक लिहायची आहे आणि त्यात आमच्या कचेरीचंही नाव निघतं. माझ्या चुकीसोबत त्यांना कशाला ओढू?

ज्यांच्या घरात नळ आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. हापशीचं बाहेर दिसतं ते फक्त डोकं आणि दांडा. खरी हापशी जमिनीखाली असते. दांड्याला साखळी, साखळीला सळई, एकीखाली एक सळया जोडत थेट तळाच्या सिलिंडरपर्यंत. सिलिंडरमध्ये चामड्याचे वाटीसारखे वायसर असतात. ते झिजले की दांडा कितीही हलवा, नुसती हवा. वायसर तळहाताएवढाही नसतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला तीन-तीन मीटरचे बारा-चौदा लोखंडी पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. वरचा पाइप सोडवत असताना खालचे सगळे पाइप एकाच गोष्टीवर लटकलेले असतात. बोरच्या तोंडावर बसवलेला क्लॅम्प. त्याचे दोन दातेरी जबडे पाइपला चावून धरतात. प्रत्येक पाइप धरण्याआधी ते दाते तारेच्या ब्रशने साफ करायचे, वाळू-चिखल काढायचा, हा पहिला नियम. दात्यांत वाळू राहिली तर पाइप घसरतो. घसरला की सगळं खाली.

प्रशिक्षणाला आम्ही बऱ्याच बाया होतो. काही वजनाला घाबरून गेल्या, काहींना घरच्यांनी नेलं. उरलो तिघी.

नसीमबी मूळची आर्णीची. बापाचं गाड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं, तिथेच ती लहानाची मोठी झाली. कोणता पाना कोणत्या नटाला, हे तिला बघता क्षणी कळायचं. नवरा वारला होता, आमच्या तालुक्यात सासूजवळ राहायची. बोलायला फटकळ. भीमाबाई कोलाम आदिवासी, डोंगराकडच्या पोडावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची. अंगात बळ असं की दोन माणसांचा पाइप ती एकटी खांद्यावर घ्यायची. बोलायची मात्र मोजकं. आणि तिसरी मी. दहावी पास, म्हणून नोंदी लिहायचं काम माझ्याकडे.

खरं सांगते, त्या आधी मला मैत्रीण नव्हती. शाळेत होत्या, पण लग्नं झाली आणि कोण कुठे गेली, पत्ता नाही. लग्नानंतर बाईला सासू मिळते, जावा मिळतात, नणंदा मिळतात, शेजारीण मिळते. मैत्रीण कुठून मिळणार? वयाची पस्तिशी उलटल्यावर कोणी आपल्याला विचारतं का, चल, डबा सोबत खाऊ? मला विचारलं. पहिल्याच दिवशी नसीमबीनं माझ्या डब्यात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "वांग्याची भाजी हाय काय? मंग दूर कायले बसली? इकडे सरक."

एवढंच. पण त्या दिवशी घरी जाताना मी गाडीत उगाच हसत होते.

सुरुवातीचं एक गाव आठवतं. हापशी चार महिने बंद. पाराजवळ एक म्हातारे बाबा खाटेवर बसून आमची टिंगल करत होते. "पोयपाट-लाटणं आणलं काय वो बायाहो?" चौदा पाइप काढले, वायसर बदलले, चौदा परत उतरवले. दुपार झाली. दांडा मारला, पाणी नाही. आता नवीन माणसाला हे माहीत नसतं की रिकाम्या पाइपमध्ये पाणी तळापासून वर चढायला वेळ लागतो. बाबा खाटेवरून ओरडले, "हवा भरून राह्यल्या काय?" बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मलाही वाटलं, खाली काही चुकलं. भीमाबाईनं कोणाकडेच पाहिलं नाही. दांडा मारत राहिली, एका लयीत. मारत राहिली, मारत राहिली, आणि पाइपातून आधी घरघर आली, मग गढूळ धार, मग स्वच्छ. भीमाबाईनं तांब्या भरला, तो नेऊन बाबांच्या हातात दिला आणि परत येऊन पाने गोळा करायला लागली. बाबा पाणी पिऊन म्हणाले, "गोड हाय." नसीमबी म्हणाली, "लाटण्यानं काढलं, बाबा."

अशी वर्षं गेली. नसीमबीच्या सासूच्या आजारपणात मी आणि भीमाबाई आळीपाळीनं दवाखान्यात बसलो. माझ्या मुलाच्या बारावीच्या परीक्षेआधी नसीमबी दर्ग्यावर जाऊन आली, आणि तो पास झाल्यावर पेढे तिनंच वाटले. पोडावर भीमाबाईच्या लेकीच्या लग्नात आम्ही दोघी दोन दिवस राहिलो. तिघींच्या घरी तिघींची ताटं होती.

आता ते लिहिते, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

उंचावरचं एक गाव, उमरटेक म्हणू या त्याला. उन्हाळा नुकताच लागला होता. गावात एकच हापशी, पाणी कमी येतं म्हणून तक्रार. त्या दिवशी माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. उशीर झाला तर सासरचे लोक वर्षभर बोलून दाखवणार, "सुनंदाले कामापुढं आपलं माणूस दिसत नाही." त्या घरात वीस वर्षं काढूनही मला भीती वाटायची, की एक दिवस हे लोक म्हणतील, तू आमची नाहीस. म्हणून मी घाई करत होते. क्लॅम्पवर मी होते. नसीमबी बोरच्या तोंडाशी पाइप धरायला, भीमाबाई दोरावर. दोन पाइप वर आले. तिसऱ्याच्या वेळी मी दाते साफ केले नाहीत. ब्रश हाताशीच होता. मला वाटलं, एका वेळेनं काय होते?

क्लॅम्प आवळला, भीमाबाईनं दोर ढिला केला, आणि पाइप सरकला. बारा पाइप एकदम खाली गेले. पाइपाच्या वरच्या टोकाला जाड सॉकेट असतं, ते क्लॅम्पच्या पट्टीवर आपटून, तिला बाजूला सारून खाली गेलं. मध्ये नसीमबीचा उजवा हात होता.

तिनं आरडाओरडा केला नाही. हात वर धरून बघितला, आणि मटकन खाली बसली. गावातल्या सरूबाईनं स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून तिचा हात बांधला. यवतमाळला नेलं. दोन बोटांची वरची पेरं गेली.

चार दिवसांनी साहेबांनी कचेरीत बोलावलं. विचारलं, "क्लॅम्पवर कोण होतं?"

मी म्हणाले, "साहेब, आम्ही आळीपाळीनं असतो."

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. साहेबांना कागद पुरा करायचा होता. ज्याला लागलं त्याचीच चूक, असं धरून त्यांनी लिहिलं, की नसीमबींच्या निष्काळजीपणामुळे पाइप बोरमध्ये पडले, बोर निकामी झालं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी केली. भीमाबाईला त्यांनी विचारलंच नाही. ती कमी बोलते म्हणून तिला कमी कळतं, असा त्यांचा समज होता.

नसीमबीला कामावरून कमी केलं. ती आर्णीला भावाकडे निघून गेली. जाताना मला भेटली नाही.

तिच्या जागी कोणी आलं नाही. पुढे मी आणि भीमाबाई दोघीच गावोगावी जायचो, वजनाला गावातली माणसं घ्यायचो. पहिल्या दिवशी जेवायला मी डबा उघडला, तर भीमाबाई तिचा डबा घेऊन दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच. कामाचं बोलायची. "दोर दे. पाना दे." त्यापलीकडे शब्द नाही. असं महिना, दोन महिने चाललं. शेवटी मीच तिच्या झाडाखाली गेले.

"भीमाबाई, काहून बोलत नाहीस?"

ती भाकरी मोडत म्हणाली, "क्लॅम्पवर तू होती."

"माहीत आहे मला."

"मले बी माहीत हाय. नसीमले बी माहीत हाय. मंग कागदाले काहून माहीत नाही?"

मी त्या दिवशी जेवले नाही.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "झालं गेलं. नोकरी घालवशील." भीती मलाही होती. पण आधीच माझं जे जायचं ते गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. साहेब बदलून नवे आले होते. म्हणाले, "बाई, ती फाइल बंद झाली. आता कशाला?"

मी म्हणाले, "उघडा साहेब. त्यात चुकीचं नाव आहे."

समोर बसून जबाब लिहिला. क्लॅम्पवर मी होते, दाते मी साफ केले नाहीत, नसीमबींची चूक नाही, आधीची सही मी घाबरून केली. साहेबांनी दोनदा वाचलं. नवल करत म्हणाले, "असं स्वतःहून कोणी लिहून देत नाही हो." मग नियमाप्रमाणे मला दोन महिने कामावरून घरी बसवलं. नवरा आठ दिवस बोलला नाही. नणंद मात्र बोलली, पुष्कळ बोलली.

जबाबाची प्रत घेऊन मी एसटीनं आर्णीला गेले. नसीमबी भावाच्या वर्कशॉपमध्ये कानस घेऊन एक पट्टी घासत होती, डाव्या हातानं. मी सगळं सांगितलं. तिनं कागद वाचला, परत दिला आणि घासत राहिली.

"आता कागदावर खरं आलं," ती म्हणाली. "बोटं येतात काय?"

मी कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

"जा मंग. तुही गाडी निघून जाईन."

पुढच्या आठवड्यात परत गेले. तिच्या भावजयीनं चहा दिला, ती बाहेरच आली नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती वैतागली. "कायले येऊन राह्यली वं सारखी? माफी पाहिजे काय तुले? जा, घेऊन टाक, आणि मले काम करू दे."

मी म्हणाले, "माफी नको. औजार पाहिजे."

हे मी ठरवून गेले होते. उमरटेकची हापशी त्या दिवसापासून बंद होती. कचेरीनं बोर मेलं म्हणून लिहून टाकलं होतं. गावातल्या बाया उतार उतरून पाण्यासाठी नाल्याच्या वाळूत झिरे, म्हणजे खड्डे, खोदत होत्या. सरूबाईचा मला फोन आला होता, "बाई, तुमच्या हातून बंद पडली, तुम्हीच काई तरी करा." तिचं खरं होतं. पडलेले पाइप बाहेर काढले तर बोर जिवंत होणार होतं. पण दीडशे-दोनशे फुटांच्या बोरमध्ये, अंधारात, वीतभर रुंदीच्या भोकात पडलेला पाइप धरायचा कसा? तसं औजार आमच्याकडे नव्हतं. ते बनवू शकेल असं माणूस मला एकच माहीत होतं.

"सरूबाईच्या गावची हापशी हाय," मी म्हणाले. "जिनं तुझा हात बांधला, तिच्या."

नसीमबीनं कानस खाली ठेवली. फडक्याला हात पुसले. मग म्हणाली, "सॉकेट वरच्या अंगाले हाय ना? भाई, वो जीप का पाटा किधर रखा?"

तिनं जाड पाइपाचा एक तुकडा घेतला, पडलेल्या पाइपावर टोपीसारखा बसेल असा. आतून जीपच्या पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीच्या, चार जिभा लावल्या, वरच्या बाजूला वाकवलेल्या. टोपी वरून खाली दाबली की सॉकेट जिभांना फाकवत आत जाणार, आणि वर ओढायला लागलं की जिभा सॉकेटखाली अडकणार. उंदराच्या पिंजऱ्यासारखं. आत गेला की बाहेर येणं नाही. दोन दिवस ती घासत, वाकवत, परत तापवत होती. मी भाता आणि हातोडी सांभाळत होते. कामापुरतंच बोलणं. पण बोलणं होतं.

उमरटेकला निघालो तेव्हा गंमत अशी, की नसीमबी कामावरून काढलेली, मी घरी बसवलेली, तिघींत सरकारी फक्त भीमाबाई. तीच साहेबांकडे परवानगी मागायला गेली. साहेब म्हणाले, "ते बोर तर मेलंय." भीमाबाई म्हणाली, "मेलेल्या बोरले हात लावाले परवानगी कायले लागते?" आणि पाइप ओढायची तिवई, दोर, पाने घेऊन गाडीत बसली.

पहिल्या दिवशी एकाखाली एक जोडलेल्या आठ पाइपांच्या टोकाला टोपी लावून खाली सोडली. टोपी पडलेल्या पाइपाला लागायची, टणकन आवाज यायचा आणि बाजूनं सटकायची. पाइप बोरच्या भिंतीला टेकून तिरपा उभा होता. संध्याकाळपर्यंत तेच. दुसऱ्या दिवशी नसीमबीनं टोपीची कड बाहेर फाकवली, पेरणीच्या चाडीच्या रुंद तोंडासारखी, म्हणजे तिरपा पाइपही आत सरकेल. दुपारी लागलं. दोर ताणला, वजन आलं, बाया ओरडल्या, आणि चार हात वर आल्यावर सुटलं. एक जीभ मोडली होती. गावातले लोक म्हणायला लागले, सोडा आता. सरपंचांनी चहा पाजून निरोपाचंच बोलणं काढलं. नसीमबी चहा पिऊन म्हणाली, "लोहाराचा भाता कोनाकडे हाय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी नवी जीभ बसवून परत उतरवलं. लागलं. दोरावर भीमाबाई आणि गावच्या दहा-बारा बाया. हळूहळू ओढलं. आमचे स्वतःचे पाइप वर आले, काढले; तोवर क्लॅम्पवर नसीमबीच होती. मग टोपी दिसली, आणि तिच्या खाली पडलेल्या पाइपाचं गंजलेलं टोक. आता ते क्लॅम्पमध्ये धरायचं होतं. नसीमबी बोरच्या तोंडाशी बसली, त्याच जागी, आणि उजवा हात पाइपाला लावला. दोन बोटं आखूड.

मी क्लॅम्पपासून लांब उभी होते. म्हणाले, "भीमाबाईले धरू दे. दोरावर मी जाते."

"भीमा दोरावर पाहिजे," नसीमबी म्हणाली. "क्लॅम्पवर तू."

"नसीम, नको."

"मी हात काढून नाही राह्यली. ये."

मी आले. ब्रश घेतला. एकेक दाता घासला, फडक्यानं पुसला, बोट फिरवून पाहिला. कोणी घाई केली नाही. क्लॅम्प आवळला. भीमाबाईनं दोर ढिला केला. पाइप तसूभरही हलला नाही.

असे बारा पाइप. बाराही वेळा मी दाते घासले, बाराही वेळा तिचा हात तिथेच होता. शेवटी सिलिंडर वर आलं तेव्हा माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. नसीमबी म्हणाली, "रडाचं हाय तं वायसर बदलून रड. लोकं पाण्यासाठी उभे हायत."

संध्याकाळी हापशीला पाणी आलं. त्या दिवशी जेवायला आम्ही तिघी एका झाडाखाली बसलो.

नव्या साहेबांनी स्वतः येऊन हापशी पाहिली. कागदपत्रं फिरायला वेळ लागला, पण नसीमबी परत कामावर आली आणि शेवटपर्यंत आमच्यासोबत राहिली. तिची टोपी पुढे दुसऱ्या गावांतही कामाला आली. तिनं मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. तिची दोन बोटं तर आलीच नाहीत. जेवताना तिच्या हातातला घास मधूनच सांडतो, तेव्हा मी खाली पाहते. ते माझं आहे, माझ्याजवळ राहणार.

आता गावोगावी नळ आले. पुष्कळ हापश्यांचे दांडे काढून नेले, नुसते ओटे उरलेत. आम्ही तिघीही निवृत्त झालो. माझा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, मुलगा नोकरीसाठी पुण्याला. मागच्या हिवाळ्यात माझ्या पोटात गाठ निघाली, ऑपरेशन सांगितलं. मुलगा निघाला होता, पण पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता आणि डॉक्टर थांबायला तयार नव्हते. यवतमाळच्या दवाखान्यात माझ्यासोबत या दोघी.

खिडकीतला पोरगेला कारकून फॉर्म भरत होता. "पेशंटसोबत कोण?"

"मी. नसीमबी."

त्यानं माझं नाव पाहिलं, तिचं पाहिलं. "नातं काय लिहू?"

"मैत्रीण."

"मावशी, तसं चालत नाही. नातं पाहिजे. आई, बहीण, जाऊ..." मग जरा सौम्यपणे म्हणाला, "बहीण लिहू का? लिहून टाकतो."

"नको," नसीमबी म्हणाली. "बहीण नाही मी. मैत्रीण हाय. तेच लिवा."

"रकानाच नाही हो त्याचा."

मागच्या बाकावरून भीमाबाई उठली, पुढे आली आणि खिडकीवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. नुसती उभी राहिली. मागे रांग वाढत होती.

नसीमबीनं खिडकीतून हात घालून त्याच्यासमोरचा पेन उचलला, फॉर्म स्वतःकडे ओढला, आणि नात्याच्या रकान्यात आखूड बोटांनी, वाकड्यातिकड्या पण ठळक अक्षरांत लिहिलं, मैत्रीण. खाली सही केली. मग कागद भीमाबाईकडे सरकवला. तिनंही त्याच ओळीत आपली सही केली.

कारकुनानं तो कागद थोडा वेळ हातात धरला. मग शिक्का मारला.

माझं ऑपरेशन त्याच कागदावर झालं.